हलकी हवा, जड हवा : २५ मे २०११ची रात्र

दुपार

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीचा पारा बेचाळीसवर गेला तर कुणाला नवल वाटत नाही. बेचाळीसच धरून हिशोब करू. शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडं वर आहे आणि उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला असतो. अशा दुपारी एक घनमीटर हवा भरते सुमारे १ किलो ८० ग्रॅम. वैमानिकांच्या पुस्तकांत जी प्रमाण हवा धरतात, म्हणजे समुद्रकाठची आणि १५ अंश तापमानाची, ती भरते १ किलो २२५ ग्रॅम. जवळजवळ बारा टक्के तूट. विमान दिल्लीच्या पालम विमानतळाच्या फरशीवर उभं असलं तरी पंख, पंखा आणि इंजिन यांच्या लेखी दिल्ली तेव्हा महाबळेश्वराच्या उंचीवर गेलेली असते.

ही तूट फक्त विमानांना जाणवते असं नाही. वादळही तिच्यातूनच उभं राहतं. तापलेल्या जमिनीवरची हलकी हवा वर जाऊ पाहते. पूर्वेकडून दमट वारा आला आणि वरच्या थरांत गारवा असला, की ती वर जाते ती थांबतच नाही. बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा गडगडाटी ढग तासाभरात तयार होतो. आपल्याकडे याला वळीव म्हणतात, दिल्लीत आंधी. फरक इतकाच की दिल्लीत खालची हवा फार कोरडी असते. ढगातून सुटलेला पाऊस वाटेतच वाळतो, वाळताना आजूबाजूची हवा थंड करतो आणि थंड झालेली ती जड हवा सरळ खाली कोसळते.

पूर्व दिल्लीत यमुनेजवळच्या मयूर विहारमध्ये राहणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. आंधी येताना आधी पाऊस येत नाही, आधी येतो गार झोत. दहा मिनिटांपूर्वी अंगाला चटके देणारा वारा एकदम थंड होतो, यमुनेच्या खादरातली वाळू उठते, गच्चीवरचे कपडे गोळा करेपर्यंत दाताखाली रेती कचकचते. तो गार झोत म्हणजे ढगातून कोसळून जमिनीवर पसरलेली जड हवा. तापमान बेचाळीसवरून पंचविसावर आलं, तर घनमीटरमागे साठ-पासष्ट ग्रॅमची भर पडते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण एका घन किलोमीटरचा हिशोब केला, तर ती भर होते साठ हजार टनांहून जास्त. एवढं वजन शेजारच्या हलक्या हवेची जागा घ्यायला खाली येतं, आणि तितकीच हलकी हवा त्याच्या बाजूने वर फेकली जाते. त्या दोघींच्या मधल्या सीमेवर विमान सापडू नये, एवढीच सगळ्या वैमानिकांची इच्छा असते.

मोकळ्या रात्री याच गच्च्यांवरून दक्षिणेकडे पाहिलं, की पालमच्या २८ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. २५ मे २०११ या बुधवारी रात्री याच धावपट्टीसाठी एक छोटं विमान येत होतं.

संध्याकाळ

विमान होतं पिलाटस पीसी-१२, नोंदणी व्हीटी-एसीएफ. स्वित्झर्लंडची बनावट, एकच टर्बोप्रॉप इंजिन, पुढे एकच पंखा. त्या दिवशी त्याचं काम हवाई रुग्णवाहिकेचं होतं. पाटण्यात एक तरुण अत्यवस्थ होता, त्याला दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात आणायचं होतं. दोन वैमानिक, दोन डॉक्टर आणि एक परिचारक घेऊन विमान दिल्लीहून पाटण्याला गेलं. हा पहिला टप्पा सुखरूप पार पडला.

विमानाबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पीसी-१२ हे उत्तम विमान आहे. जगभर डोंगराळ आणि ओसाड भागांत रुग्ण नेण्यासाठी ते वापरतात. पण ते हलकं आहे. पूर्ण भरल्यावर वजन साडेचार टन, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे सव्वीस चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पावणेदोनशे किलोंच्या आतच भार. एअरबस ए-३२० उतरायला येतं तेव्हा हाच आकडा पाचशेच्या आसपास असतो. भार कमी असल्यामुळे छोटं विमान आखूड धावपट्टीवरून उठतं, हळू वेगात उतरतं. आणि त्याच कारणामुळे वाऱ्याचा जो झोत मोठ्या विमानात चहाचा कप सांडतो, तो छोट्या विमानाला उचलून आपटतो.

रात्री ८.३१

पाटण्याहून उड्डाण. आता विमानात सात जण होते : दोन वैमानिक, दोन डॉक्टर, परिचारक, रुग्ण आणि त्याचा एक नातेवाईक.

धावपट्टीवर वैमानिक ज्या काट्याकडे बघून नाक उचलतो तो वेगाचा काटा. लोकांना वाटतं हा काटा मोटारीतल्यासारखा वेग मोजतो. तो वेग मोजतच नाही. विमानाबाहेर एक बारीक नळी असते, तिच्या तोंडावर येणारी हवा किती जोराने दाबते एवढंच त्याला कळतं. हवा दाट असेल तर कमी वेगातही दाब जास्त, विरळ असेल तर तोच दाब मिळवायला विमानाला जास्त जोरात धावावं लागतं. उन्हाळी रात्री पाटण्याच्या उष्ण हवेत काट्यावर नेहमीचाच आकडा दिसतो, पण तो यायला धावपट्टीचा जास्त तुकडा खर्ची पडतो.

यात फसवणूक काही नाही. पंखालाही नेमका तोच दाब हवा असतो. विमानाला तोलून धरणारी गोष्ट वेग ही नाहीच. वेगाने येणाऱ्या हवेचा जो ठोस भाग पंखावरून वाहतो, त्यावर ते तोललेलं असतं. म्हणून वैमानिक काट्यावर विश्वास ठेवून उडतो, आणि ते बरोबरही असतं. अडचण येते ती हवा स्वतः जागची हलायला लागते तेव्हा.

साडेनऊ

या जातीचं विमान अशा प्रवासात पंचवीस-सव्वीस हजार फुटांवरून जातं. तिथे घनमीटरभर हवेचं वजन सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास, समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी. काटा १५० नॉट दाखवत असेल, तर विमान हवेतून प्रत्यक्षात सव्वादोनशेच्या वर वेगाने कापत चाललेलं असतं. त्यामुळेच एवढ्या उंचीवर जाणं परवडतं : अडथळा कमी, वेग जास्त, इंधन कमी.

आतमध्ये परिस्थिती वेगळी. केबिनमध्ये हवा कोंबून दाब राखलेला असतो, पण जमिनीइतका नाही. विमान सव्वीस हजार फुटांवर असताना आतली हवा साधारण आठ हजार फुटांवरच्यासारखी असते. म्हणजे दाब जमिनीवरच्या तीन-चतुर्थांश. तुम्हाआम्हाला त्याने फार तर थोडी सुस्ती येईल. ज्याचं शरीर आधीच हरत आलंय त्याच्या रक्तात ऑक्सिजन पोचवणं मात्र डॉक्टरांना पुन्हा नव्याने जमवावं लागतं. त्या रात्री मागच्या भागात तिघे जण ज्या रुग्णासाठी झटत होते, त्याच्यासाठी प्रत्येक मिनिट मोलाचं होतं. हवाई रुग्णवाहिकेच्या वैमानिकाला हे पाठीमागे वळून न बघताही माहीत असतं. वेळेचा असा ताण कुठल्याच उपकरणावर दिसत नाही, पण कॉकपिटमध्ये तो असतोच, आणि त्याबद्दल त्या दोघांना दोष द्यायला माझं मन धजत नाही.

सव्वादहा

दिल्लीच्या नियंत्रण कक्षाशी संपर्क झाला, उतरण सुरू झाली. २८ क्रमांकाच्या धावपट्टीवर उपकरणांच्या मदतीने उतरायचं ठरलेलं होतं. वाटेत ढग होते.

ढग टाळण्यासाठी वैमानिकाकडे आपलं हवामान रडार असतं. ते पावसाचे थेंब बघतं, वारा बघत नाही. शिवाय समोर जोराचा पाऊस असेल तर त्याच्या मागे काय दडलंय ते त्याला दिसत नाही. लाटा पहिल्याच सरीत शोषल्या जातात आणि पडद्यावर मागचा भाग मोकळा भासतो. कोरड्या आंधीत तर धुळीने भरलेला, जबरदस्त वेगाने खाली येणारा झोत जवळजवळ अदृश्य. जमिनीवरचा नियंत्रक विमानांमधलं अंतर राखायला बसलेला असतो, त्याचा पडदाही प्रामुख्याने त्यासाठीच असतो. ढगाच्या पोटात काय चाललंय हे शेवटी आत शिरलेल्या माणसालाच कळतं.

उत्तर भारताच्या मैदानावर छोट्या विमानाने ढगात शिरणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला दहा वर्षं आधी कळलं होतं. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघाले होते. बीचक्राफ्ट किंग एअर सी-९०, दोन इंजिनांचं छोटं विमान. मैनपुरी जिल्ह्यात भोगावजवळ खराब हवेत ते कोसळलं. माधवरावांसह आठही जण गेले, त्यांत चार पत्रकार होते. ती भरदुपार होती. व्हीटी-एसीएफच्या वैमानिकांपुढे रात्र होती.

साडेदहा

ढगांपासून दूर राहण्यासाठी विमानाने डावीकडे वळण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. दिशा बदलत, उंची सोडत विमान साडेबारा हजार फुटांच्या पातळीवर आलं.

या उंचीवर, उन्हाळ्यातल्या तापलेल्या आकाशात, घनमीटरभर हवा आठशे ग्रॅमच्या आसपास भरते. सव्वीस हजार फुटांपेक्षा कितीतरी दाट. पण जमिनीजवळच्या सवयीने उडवता येईल इतकी दाट नाही.

१०.४० नंतर

आपण खराब हवेत शिरलो आहोत, एवढंच विमानाकडून नियंत्रण कक्षाला कळलं. त्याच सुमारास रडारवर विमान चढताना दिसलं. त्याने चढावं असं कुणी सांगितलेलं नव्हतं. साडेबारा हजारांवरून सुमारे १४,६०० फुटांपर्यंत ते गेलं, बहुधा वर चढणाऱ्या प्रचंड झोताने त्याला उचललं. मग ते खाली येऊ लागलं. फार तर मिनिटभरात रडारवरचा आकडा १,६०० फुटांवर आला. सुमारे चार किलोमीटर उंची गेली. त्यानंतर पडद्यावर काही उरलं नाही. हाका मारून पाहिल्या, दुसऱ्या विमानांमार्फत निरोप देऊन पाहिले, उत्तर आलं नाही.

त्या मिनिटात कॉकपिटमध्ये नेमकं काय झालं हे सांगायला कुणी उरलं नाही. अशा जागी पंखाचं काय होतं ते मात्र सांगता येतं.

पंख हवेत थोडा तिरका धरलेला असतो. हवा त्याच्या पाठीवरून चिकटून, वळत, खाली उतरत जाते आणि त्यातून विमान उचललं जातं. नेहमीच्या उड्डाणात हा तिरकेपणा तीन-चार अंशांचा. तो वाढवत नेला की उचल वाढते, पण साधारण पंधरा अंशांच्या आसपास हवा पंखाची पाठ सोडते, भोवरे होऊन उधळते, आणि उचल एकदम ढासळते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. तो वेगामुळे होत नाही, कोनामुळे होतो, हे उड्डाणशाळेत पहिल्या महिन्यात शिकवतात.

आता आकडे घालून बघू. काट्यावर १५० नॉट धरले, तर या उंचीवर विमानाचा खरा वेग सुमारे १८५ नॉट, म्हणजे सेकंदाला ९५ मीटर. गडगडाटी ढगातला सेकंदाला २० मीटरचा उभा झोत काही दुर्मीळ नव्हे. समोरून ९५ आणि खालून २० : पंखावर येणाऱ्या हवेची दिशा एका क्षणात जवळजवळ बारा अंशांनी फिरते. आधीचे तीन-चार त्यात मिळवा. वैमानिकाने दांडा तसूभर हलवलेला नसताना पंख स्टॉलच्या उंबरठ्यावर उभा राहतो. आणि हे सगळं होताना उंची मात्र वाढत असते, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला आणि कदाचित आतल्यालाही वाटतं की विमान छान चढतंय.

विरळ हवेचा यात थोडा फायदा आहे हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. काट्यावरचा आकडा तोच असताना खरा वेग जास्त, म्हणून झोताने होणारा कोनातला बदल जमिनीजवळ झाला असता त्यापेक्षा कमी. पण ती हवा घेते ते दुसरीकडून. विमान डुललं, कललं, तर भोवतालची हवाच त्याला आवरते. आणि तेवढ्याच दर्शनी वेगाला आठशे ग्रॅमच्या हवेत ही आवर एक पंचमांशाने ढिली असते. गिरक्या सुरू झाल्या तर त्या जास्त वेळ चालतात, खाली येण्याचा वेग जास्त असतो, सावरायला उंची जास्त खर्च होते. पीसी-१२ बनवणाऱ्यांना स्टॉलचा धोका माहीत आहे, म्हणूनच त्या विमानात दांडा थरथरवून इशारा देणारी आणि तरीही ऐकलं नाही तर स्वतःच नाक खाली ढकलणारी यंत्रणा बसवलेली असते. शांत हवेत ती चोख काम करते. झोत दर दोन सेकंदांनी दिशा बदलत असेल, तर दांड्याचा धक्का यंत्रणेचा की वाऱ्याचा हे ओळखणं हाताला जमेलच असं नाही.

यात अंधाराची भर. माणसाला आपला तोल कानातल्या द्रवावरून कळतो. फुगडी थांबल्यावर पोरींना जग उलट्या दिशेने फिरताना वाटतं, ते त्या द्रवामुळे. ढगात क्षितिज नसतं, बाहेर दिवे नसतात. विमान एका बाजूला कलत असताना शरीर शपथेवर सांगतं की आपण सरळ आहोत, आणि सरळ केलं की सांगतं आपण कलंडलो. अशा वेळी एकच गोष्ट खरी : समोरचं कृत्रिम क्षितिज. त्यावर नजर खिळवून, अंगाची प्रत्येक साक्ष खोटी मानून हात चालवायचे असतात. धक्के इतके जोराचे असतील की उपकरणांवरचे आकडे डोळ्यांना वाचताच येत नाहीत, तर तेही सुटतं.

पावणेअकरा

पालमपासून आग्नेयेला पंधरा नाविक मैल. फरिदाबादची पर्वतीय कॉलनी. अरुंद गल्ल्या, भिंतीला भिंत लागून घरं, रात्रीची जेवणं उरकून लोक झोपायच्या बेतात. विमान घरांवर पडलं आणि पेटलं. विमानातले सातही जण गेले. ज्या वस्तीचा या प्रवासाशी काडीचाही संबंध नव्हता, तिथल्या तीन बायका मेल्या. गल्ल्यांमधून गर्दी उसळली. एकूण मृत दहा.

मयूर विहारहून हे ठिकाण पंचवीसेक किलोमीटरवर आहे. आंधीला एवढं अंतर कापायला अर्धा-पाऊण तास पुरतो.

त्यानंतर

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी केली. निष्कर्ष असा की विमान वैमानिकांच्या ताब्यातून सुटलं, आणि त्याची संभाव्य कारणं तीन : बाहेरची हवामानाची घटना, नियंत्रणं चुकीच्या पद्धतीने हाताळली जाणं, वैमानिकांना दिशाभ्रम होणं, किंवा या तिन्हींचं मिश्रण. यावर लगेच टीका होऊ शकते की एवढं मोघम का. मला तो मोघमपणा खरा वाटतो. झोताने पंखाचा कोन बदलतो, तो सावरायला हात हलतो, हात हलताना कान खोटं सांगतो. एका मिनिटात या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंततात की नंतर कुणालाही त्या सुट्या करता येत नाहीत.

मात्र त्यांचा क्रम सांगता येतो. पहिली आली नसती तर उरलेल्या दोन त्या मिनिटाला आल्याच नसत्या. उपकरणांवर उडणाऱ्या, उतरणीला लागलेल्या, ठरलेल्या धावपट्टीकडे निघालेल्या दोन वैमानिकांना निवळ आकाशात दिशाभ्रम होण्याचं कारण नव्हतं. म्हणून या अपघाताची चर्चा करताना मला चौकशीचा मुक्काम त्या शेवटच्या मिनिटावर नको वाटतो, तो सव्वादहावर हवा. तेव्हा विमान उंच होतं, मोकळ्या हवेत होतं. वळिवाचा एक ढग आपली जड हवा खाली टाकून साधारण तासाभरात रिकामा होतो. लांबच घिरट्या घालत थांबणं, वादळाला वळसा घालणं, लखनौ किंवा जयपूर गाठणं, यांतला कुठलाही निर्णय घ्यायचा तर तो त्या पंधरा-वीस मिनिटांत. तो घेण्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे ढगाच्या आत हवा किती वेगाने वर आणि किती वेगाने खाली जातेय, ही कॉकपिटमध्ये कुणाच्याही पुढ्यात नव्हती. जमिनीवरच्या डॉप्लर रडारला वाऱ्याचा वेग वाचता येतो. त्यावर दिसलेलं चित्र हवामानखात्याच्या खोलीतून नियंत्रकाच्या टेबलावर आणि तिथून एकच इंजिन असलेल्या छोट्या विमानाच्या वैमानिकाच्या कानात, वेळेत, समजेल अशा शब्दांत पोचतं का, हे प्रत्येक मे महिन्यात नव्याने तपासून बघायला हवं.